नेवाळीचे खाचर आणि ग्रीनहॅमचे कुरण
(चामटोली येथे स्त्री-पुरुषांच्या सभेत दिलेले व्याख्यान)



युरोपखंडाची सुरक्षा आणि तिजविषयी तिकडच्या स्त्रियांचे मत, असा आजचा विषय आहे. हे ऐकताच कोणी म्हणेल, चामटोलीच्या बाईला युरोपशी काय करायचे आहे? तिला राब, रोप, आवणी, गुरांचे शेणपाणी, बदलापूरचा बाजार आणि मुलांची शाळा एवढे पुरे. असे म्हणणाऱ्याने एकदा आपल्याच आसपास डोळे उघडून पाहावे, एवढीच माझी विनंती आहे.

उल्हासनगरात आजही रिक्षावाला ‘कँप तीन, कँप चार’ असे ओरडतो. हा कँप कसला? दुसऱ्या महायुद्धात इंग्रज सरकारने कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी बसविली, तिला कल्याण कँप म्हणत. युद्ध संपले, फाळणी झाली, आणि सिंधमधून घरदार टाकून आलेली माणसे त्या रिकाम्या बराकींत आणून उतरविली. त्यांची संख्या सुमारे एक लाख होती. 8 ऑगस्ट 1949 रोजी गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांनी तेथे कोनशिला बसविली व उल्हासनगर हे नाव रूढ झाले. एका बराकीत तरटाचे पडदे लावून अनेक कुटुंबे राहिली, आणि पापड-लोणची करून बायांनी ते संसार उभे केले. अंबरनाथला सरकारी आयुधांचे दोन कारखाने आहेत. 1 ऑक्टोबर 2021 रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सरकारने सात कंपन्या केल्या, त्यांतल्या दोघींत हे कारखाने वाटले गेले. आणि मलंगगडाच्या वाटेवर नेवाळी आहे. तिथल्या भातशेतीवर 1942 साली विमानांची धावपट्टी झाली. का झाली? सिंगापूर पडले होते, ब्रह्मदेश जात होता, आणि लंडनच्या सरकारला मुंबईच्या पाठीशी विमानतळ हवा होता. त्यांनी नकाशा उघडला. त्या नकाशात खाचरे दिसत नाहीत, बांध दिसत नाहीत, बांधावर बसून भाकरी खाणारी बाई तर मुळीच दिसत नाही. दिसते ती सपाट जागा.

दुसरी गोष्ट. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यात पळसगाव आहे. तिथला यशवंत घाडगे हा मराठा पलटणीतला नाईक 10 जुलै 1944 रोजी इटलीत टायबर नदीच्या खोऱ्यात मारला गेला. वय अवघे बावीस. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, आणि तो घ्यावयास त्याची विधवा पुढे आली. युरोपची सुरक्षा म्हणजे काय, हे त्या बाईइतके ब्रुसेल्सच्या कोणत्या मुत्सद्द्याला कळले असेल? तेव्हा आमचा युरोपशी संबंध नाही, हे म्हणणे सोडून द्यावे. संबंध होता, पण त्यात आमचे देणे होते आणि बोलणे दुसऱ्याचे होते.

आता ‘सुरक्षा’ या शब्दाकडे येते. सत्यशोधक समाजाने 1873 पासून आपल्याला एक गोष्ट शिकविली, ती अशी की, ज्या मंत्राचा अर्थ विचारता येत नाही त्या मंत्राला दक्षिणा देऊ नये. म्हणूनच जोतीरावांनी लग्नाची मंगलाष्टके मराठीत केली, आणि त्यांत नवरीने नवऱ्यापाशी स्त्रियांच्या हक्काची मागणी करावी व नवऱ्याने ती मान्य करावी अशी रचना केली. माझे म्हणणे असे की, सुरक्षा हाही आता तसाच मंत्र झाला आहे. तो उच्चारला की सर्वांनी हात जोडून गप्प बसावयाचे. पूर्वी पंचांग उघडून गप्प बसवीत, आता नकाशा उघडून बसवितात. कोणाची सुरक्षा, कोणापासून, आणि तिचा खर्च कोणाच्या ताटातून, हे विचारले की विचारणारा देशद्रोही ठरतो. बाईने विचारले तर तिला अक्कल नाही असे ठरते, त्यामुळे निदान देशद्रोहाच्या आरोपातून ती सुटते!

युरोपातल्या स्त्रियांनी हा अर्थ विचारण्यास फार पूर्वी सुरुवात केली. 1915 च्या एप्रिलात, पहिले महायुद्ध ऐन भरात असताना, हॉलंडमधील हेग शहरी बारा देशांतल्या हजाराहून अधिक बाया जमल्या. एकमेकांशी लढणाऱ्या देशांच्या त्या बाया होत्या. अध्यक्षस्थानी अमेरिकेच्या जेन ॲडम्स होत्या. त्यांपैकी बहुतेकींना आपल्या देशात मताचा अधिकारही नव्हता. मुलगे आमचे जातात आणि युद्धाचा निर्णय मात्र आम्हांस न विचारता होतो, ही त्यांची तक्रार. त्यांच्या सरकारांनी काहींना सरहद्दीवरच अडविले, वर्तमानपत्रांनी टिंगल केली. युद्ध थांबले नाही. पण त्या सभेतून पुढे स्त्रियांची जी आंतरराष्ट्रीय संस्था निघाली ती आजही चालू आहे.

पुढे काय झाले ते थोडक्यात सांगते. बोस्नियात स्रेब्रेनिका म्हणून गाव आहे. 1993 साली संयुक्त राष्ट्रांनी त्यास ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केले व रक्षणास डच शिपाई ठेवले. जुलै 1995 मध्ये त्याच सुरक्षित क्षेत्रातून आठ हजारांवर पुरुष व मुलगे नेऊन मारले गेले. त्यांच्या आयांनी हॉलंडच्या सरकारवर दावा लावला आणि 2019 पर्यंत तो लढविला. डच सरकारची जबाबदारी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केली, पण फक्त साडेतीनशे माणसांपुरती, आणि तीही शंभरात दहा हिश्शांची. आईचे दुःख शेकड्याच्या हिशेबात कसे बसवितात ते पाहा! त्याच लढाईत फोचा गावी बायांवर जे अत्याचार झाले, त्याबद्दल 22 फेब्रुवारी 2001 रोजी हेगच्या न्यायालयाने शिक्षा ठोठावल्या व असा अत्याचार हा मानवजातीविरुद्धचा गुन्हा आहे असे ठरविले. त्याच्या चार महिने आधी, 31 ऑक्टोबर 2000 रोजी, संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 1325 क्रमांकाचा ठराव केला, की शांतता व सुरक्षेच्या निर्णयांत स्त्रियांस स्थान असावे. कागदावर हे उत्तम आहे. स्वीडनने तर 2014 साली आपले सारे परराष्ट्र धोरणच स्त्रीवादी असल्याचे जाहीर केले, आणि 2022 साली सरकार बदलताच ते नाव पुसून टाकले. पाटी लावणे सोपे असते, ती उतरविणे त्याहून सोपे.

फेब्रुवारी 2022 मध्ये रशियाने युक्रेनवर मोठी स्वारी केली, तेव्हापासून युरोपात पुन्हा तोफांचे दिवस आले आहेत. मार्च 2025 मध्ये युरोपीय संघाने शस्त्रास्त्रांसाठी आठशे अब्ज युरोपर्यंत पैसा उभा करण्याची योजना मांडली. त्याच साली जूनमध्ये हेग शहरीच नाटोच्या देशांनी ठरविले की, 2035 पर्यंत देशाच्या उत्पन्नाच्या शेकडा पाच हिस्सा संरक्षणावर घालावयाचा. पैसा झाडाला लागत नाही. ब्रिटनने फेब्रुवारी 2025 मध्ये उघड सांगितले की, संरक्षणाचा खर्च वाढविण्यासाठी गरीब देशांस देण्याच्या मदतीस कात्री लावणार. म्हणजे आफ्रिकेतल्या कुठल्या बाळंतिणीचा दवाखाना बंद झाला, तर तो पैसा कोठे गेला याचा माग लागतो. स्त्रीवादी विदुषी हेच दाखवितात. सुरक्षेच्या खतावणीत जमेच्या बाजूस तोफा लिहितात, पण खर्चाच्या बाजूस दवाखाना, पाळणाघर, म्हातारीचे औषध लिहीत नाहीत. ते सर्व बाईने आपल्या अंगावर ओढून घ्यावयाचे, आणि तिच्या मजुरीची नोंद कोठेच नाही.

परंतु मी येथे एकच बाजू सांगून जाणार नाही. तिकडच्या स्त्रियांतच या प्रश्नावर मोठा वाद आहे. युक्रेनच्या कित्येक बाया विचारतात, की रणगाडा दाराशी आल्यावर आम्ही शांततेचे ठराव करीत बसावे काय? हजारो जणी सैन्यात शिरल्या आहेत. डेन्मार्कने 2025 पासून मुलींनाही सक्तीच्या लष्करी सोडतीत धरले. काही जणी म्हणतात, ही समता. काही म्हणतात, पुरुषांचे ओझे आमच्याही डोक्यावर ठेवले, याला समता कशी म्हणावी? आपल्याकडेही 17 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने फौजेत स्त्री-अधिकाऱ्यांस कायम नेमणुकीचा हक्क दिला. 2022 साली खडकवासल्याची प्रबोधिनी मुलींना खुली झाली, आणि 30 मे 2025 रोजी पहिल्या सतरा मुली तेथून शिकून बाहेर पडल्या. सरकारी वकील त्या खटल्यात काय म्हणत होते? की खेड्यातले शिपाई बाईचा हुकूम मानावयास तयार होणार नाहीत. म्हणजे आपल्या पोरांच्या डोक्यावर खापर! न्यायालयाने तो युक्तिवाद फेटाळला हे बरे झाले. माझे मत विचाराल तर दार उघडे असलेच पाहिजे. ज्या मुलीला जावयाचे आहे तिने जावे. पण सतरा मुलींच्या संचलनाचे छायाचित्र दाखवून कोणी मला सांगू लागला की सुरक्षेत स्त्रियांचा प्रश्न सुटला, तर मी त्यास नेवाळीच्या बांधावर घेऊन जाईन.

त्या बांधावर जाण्यापूर्वी इंग्लंडातली एक हकीकत ऐकवते. ती मला फार जवळची वाटते, कारण ती कुरणाची आहे. न्यूबरी गावाजवळ ग्रीनहॅम कॉमन नावाचे गायरान होते. आसपासच्या लोकांचा त्यावर गुरे चारण्याचा पिढीजात हक्क. 1941 साली युद्धासाठी सरकारने ते घेतले, धावपट्टी केली. युद्ध संपले तरी ते कायमचे मोकळे झाले नाही. पुढे अमेरिकन विमानदल तेथे आले, आणि मग ठरले की अणुबाँबची 96 क्षेपणास्त्रे तेथे ठेवावयाची. 1981 च्या सप्टेंबरात वेल्स प्रांतातल्या कार्डिफहून काही बाया, काहींच्या कडेवर पोरे, पायी चालत तेथे पोचल्या. त्यांनी वादविवादाची मागणी केली, ती कोणी ऐकली नाही. तेव्हा त्या कुंपणाबाहेर मुक्काम ठोकून राहिल्या. पावसात, चिखलात, बर्फात. पोलीस तंबू मोडीत, त्या पुन्हा उभारीत. 12 डिसेंबर 1982 रोजी तीस हजार बायांनी हातात हात धरून नऊ मैलांच्या त्या कुंपणाला वेढा दिला, आणि तारांवर मुलांचे कपडे, घरच्यांची छायाचित्रे लावली. तरी 1983 च्या नोव्हेंबरात क्षेपणास्त्रे आलीच. वर्तमानपत्रे म्हणाली, या बाया घर सोडून येथे काय करतात? पोटच्या पोरांचे काय? शिपाई घर सोडून जातो त्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही.

आता गंमत पुढे आहे. सरकारने 1985 साली नियम काढला की, तळात शिरणे गुन्हा आहे. बाया शिरल्या, पकडल्या गेल्या, दंड झाले. त्यांतल्या दोघींनी, जीन हचिन्सन आणि जॉर्जिना स्मिथ यांनी, कायद्याचे पुस्तक उघडले. लष्करी जमिनींचा 1892 चा कायदा सांगत होता की, असे नियम करताना गुराख्यांच्या सामाईक हक्काला धक्का लावता येणार नाही. ते कुरण होते, हक्कदार अजून जिवंत होते. तेव्हा नियमच बेकायदा! दावा वरपर्यंत गेला आणि 1990 च्या जुलैत हाउस ऑफ लॉर्ड्सने बायांच्या बाजूने निकाल दिला. क्षेपणास्त्रे अमेरिका-रशियाच्या 1987 च्या तहाने गेली, शेवटची मार्च 1991 मध्ये. तहाचे श्रेय बायांचे किती यावर पंडितांत वाद आहे, त्यात मी पडत नाही. पण कुंपण निघाले, धावपट्टी उखडली, जमीन पुन्हा गायरान झाली, आणि 2002 साली पार्लमेंटने त्यासाठी कायदा केला. आज तेथे गाई चरतात. शेवटच्या बाया सप्टेंबर 2000 पर्यंत तेथे टिकून होत्या. एकोणीस वर्षे!

आणि नेवाळी? तिथली जमीनही युद्धासाठी गेली. युद्ध संपले, इंग्रज गेले, धावपट्टीवर गवत उगवले, आणि शेतकऱ्यांनी बाजूची खाचरे पुन्हा कसावयास घेतली. शेतकऱ्यांचे म्हणणे असे की जमीन युद्धापुरती घेतली होती, ती परत मिळावी. संरक्षण खात्याचे म्हणणे असे की जमीन आमची आहे व तीवरील वहिवाट हे अतिक्रमण आहे. क्षेत्र सुमारे 1,600 एकर, असे त्या वेळी वर्तमानपत्रांनी छापले. 2017 साली नौदलाने कुंपण घालण्यास सुरुवात केली. 22 जून 2017 रोजी भडका उडाला. रस्ते अडविले, पोलिसांच्या गाड्या पेटल्या, छर्रे सुटले, शेतकरीही जखमी झाले आणि पोलीसही. तारीख लक्षात घ्या. मृग सरून आर्द्रा लागण्याचा तो दिवस. रोप वाफ्यात असते, आवणीची घाई असते. त्या वेळी शेतावर कुंपण पडणे म्हणजे काय, हे येथे बसलेल्या एकाही बाईला समजावून सांगावे लागणार नाही.

गाड्या जाळल्या ते चांगले झाले नाही, हे मी स्पष्ट बोलते. जखमी झालेला पोलीसही कोणा शेतकऱ्याचाच मुलगा. आणि जाळपोळीने एक मोठे नुकसान होते, ते असे की, जमिनीचा प्रश्न बाजूस पडून फौजदारीचा प्रश्न पुढे येतो. पुरुष तारखांना जातात, वकिलाची फी, जामीन, बुडालेला रोजगार, हे सर्व चालविण्यास घरी बाई असतेच. मुळशीच्या 1921 च्या सत्याग्रहात मावळ्यांच्या बायाही पुढे होत्या. धरणाची ती जमीन कसणारे मावळे उपाशी राहिले, आणि कागदावर मालक असलेले पुण्याचे सावकार मोबदला घेऊन मोकळे झाले. कागद कोणाच्या नावाचा, यावर शेवटी सर्व येऊन ठेपते.

म्हणून मी तुमच्या सातबाऱ्याकडे वळते. आवणी बाईची, बेणणी बाईची, कापणीत निम्म्याहून अधिक हात तिचे, पण उताऱ्यावर कब्जेदार कोण? नवरा, सासरा, दीर. बहिणीचे किंवा विधवेचे नाव असलेच तर ते ‘इतर हक्कां’च्या रकान्यात, घराच्या पडवीत अंथरूण टाकावे तसे! 1994 साली महाराष्ट्राने व 2005 साली सबंध देशाने मुलीला वडिलांच्या मिळकतीत मुलाइतका हक्क दिला. शेतकरी संघटनेने त्याच सुमारास लक्ष्मीमुक्तीची चळवळ करून नवऱ्यांकडून बायकांच्या नावे जमिनी लिहविल्या, आणि पुढे शासनानेही नवऱ्याच्या अर्जावरून बायकोचे नाव लावण्याची सोय केली. किती घरांत लागले? हात वर करा म्हटले तर येथे शांतता पसरेल, म्हणून म्हणत नाही.

याचा सुरक्षेशी संबंध काय, तो सांगते. 2013 चा भूसंपादनाचा नवा कायदा विधवा, घटस्फोटिता व टाकलेली बाई यांस वेगळे कुटुंब मानतो. म्हणजे तिचे पुनर्वसन वेगळे झाले पाहिजे. पण त्याच कायद्याच्या 40 व्या कलमात तातडीची वाट ठेवली आहे, आणि ती वाट देशाच्या संरक्षणासाठी व नैसर्गिक आपत्तीसाठी आहे. त्या वाटेने गेल्यास गावावर काय परिणाम होईल याची आधी चौकशी करण्याचे बंधन सरकारला टाळता येते. जेथे प्रश्न विचारण्याची सर्वांत अधिक गरज, तेथेच विचारण्याची मुभा सर्वांत कमी. कायदा करणाऱ्यांच्या मनातही तो मंत्र शिरलाच आहे.

मी फौजेच्या विरुद्ध नाही. आपल्या गावागावांतून पोरे फौजेत जातात आणि त्यांच्या आया ऊर भरून बोलतात, ते मला ठाऊक आहे. पण फौज जमिनीवर काय करू शकते याची दुसरी कल्पना आपल्याच माणसाने केली होती. 1883 साली लिहिलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या पुस्तकात जोतीरावांनी सरकारला सुचविले होते की, लष्करातल्या व पोलिसांतल्या फाजील शिपायांकडून रानोमाळ ताली-बंधारे घालून घ्यावेत, म्हणजे पावसाचे पाणी शेतात मुरेल आणि शिपायांचेही आरोग्य राहील. युरोपात आज ज्याला ‘मानवी सुरक्षा’ म्हणून मोठमोठ्या पदव्या देतात, ते या माळ्याच्या पोराने सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वी साध्या मराठीत सांगून ठेवले आहे. शिपायाने बांध घालावा, बांध मोडू नये.

आता कामाचे बोलते. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची ग्रामसभा घेणे आपल्या राज्यात बंधनकारक आहे. ती बहुधा सह्या फिरवून उरकली जाते. पुढच्या वेळी सही करण्यापूर्वी तेथे बसून घ्या, आणि गावाच्या कोणत्या जमिनीवर कोणत्या खात्याची नोंद आहे ते वाचून दाखविण्यास सांगा. ज्यांच्या आजे-पणज्यांची जमीन युद्धात गेली, त्यांनी घरातली पेटी उघडावी. जुनी पट्टीची पावती, भाडे वा मोबदला मिळाल्याचा कागद, मोडी असला तरी फेकू नये. तहसील कचेरीत जुन्या हक्कनोंदीची व फेरफाराची नक्कल अर्ज करून, फी भरून मिळते. न दिल्यास 2005 चा माहितीचा कायदा आहे. ‘तात्पुरता ताबा’ लिहिले आहे की ‘संपादन’, हा एकच शब्द त्या कागदात शोधावयाचा आहे. ग्रीनहॅमच्या त्या दोघींनीही एका कलमातले एक वाक्यच शोधले होते.

आणि ज्या बायांना आपले नाव सातबाऱ्यावर लावून घ्यावयाचे आहे, त्यांनी नवऱ्यास सोबत घेऊन थोडा वेळ थांबावे. अर्जाचे कोरे नमुने मी बरोबर आणले आहेत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांचा अर्ज मी लिहून देईन, पण अंगठ्याऐवजी सही करावयाची असेल तर ती आजच शिकवून मगच जाईन.